शिरवळ आणि विद्यार्थ्याचें पहिलें वर्ष

शिरवळ हें गांव इतिहासाच्या अभ्यासकांस नवें नाहीं. नीरेच्या दक्षिण तीरावरील सुभानमंगळाची गढी, शके १५७० (इ. स. १६४८) मध्यें फत्तेखानाच्या स्वारींत बाळाजी हैबतरावानें तेथें बसविलेलें ठाणें, आणि शिवाजी महाराजांच्या लोकांनीं तें उठवून लावल्याची शिवभारतांतील हकीकत, यांचा ऊहापोह पुष्कळांनीं केला आहे. आज गढीचा फारसा भाग उरलेला नाहीं. प्रवाशाची दृष्टि तिच्याकडे जात नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीही त्या वादांत शिरणार नाहीं. शिरवळास १९८८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि दरवर्षीं नवख्या विद्यार्थ्यांची एक तुकडी या गांवीं उतरून विद्यापीठाच्या जीवनांतील आपलें पहिलें वर्ष येथें काढते. त्या पहिल्या वर्षाविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें आहे.

हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत कसा येतो, अशी शंका कित्येकांस येईल. तिचें उत्तर असें कीं, विद्यापीठाचा इतिहास आजवर आपण निकालांवरून लिहीत आलों. मुंबई विद्यापीठ १८५७ त स्थापन झालें. १८६२ सालीं रामकृष्ण गोपाळ भांडारकर, महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे पहिले चौघे बी. ए. झाले, हें सर्वांस पाठ आहे. पदवी हें शेवटचें पान. घर सोडून आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या पावसाळ्यांत कोठें निजला, कोणाच्या पंक्तीस जेवला, वर्गांतील भाषा त्यास कितपत कळली, आणि तो परत कां गेला नाहीं, हीं पहिलीं पानें कॅलेंडरांत छापीत नाहींत. तीं असतात घरीं धाडलेल्या पत्रांत, खाणावळीच्या हिशेबांत, वहीच्या समासांत. म्हणजे ज्या कागदांस आपण दप्तर म्हणत नाहीं व म्हणून जपत नाहीं, त्यांत तीं असतात. सनदेचा तुकडा मिळाला तर आपण त्यास रेशमी रुमालांत बांधतों. विद्यार्थ्याचें पोस्टकार्ड मात्र बंब पेटविण्यास जातें.

शिरवळच्या बाबतींत या विषयाचें मूळ बरेंच मागें नेतां येतें. गांवाच्या नैर्ऋत्येस डोंगरांत बौद्ध लेण्यांचा एक समूह आहे. कऱ्हाडच्या लेण्यांप्रमाणें हींही अगदीं साधीं आहेत. एक लहान चैत्य, बाकीचे विहार, भिंतींत कोरलेल्या निजावयाच्या कोठड्या व दगडी ओटे. नक्षी नाहीं, मूर्ती नाहींत. कार्ल्याची भव्यता पाहून आलेला मनुष्य येथें निराश होतो. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें हा साधेपणाच बोलका आहे, कारण हीं मुख्यतः राहण्याचीं ठिकाणें आहेत. विनयपिटकांत नव्यानें संघांत आलेल्या भिक्षूविषयीं जे नियम आहेत त्यांत त्यास 'सद्धिविहारिक' म्हटलें आहे. म्हणजे आपल्या उपाध्यायाबरोबर एकाच विहारांत राहणारा. समर्थ भिक्षूसही पांच वर्षें असा आश्रय घेऊन राहावें लागे. असमर्थ असेल तर जन्मभर. त्यानें सकाळीं गुरूस दांतवण व पाणी द्यावें, कोठडी झाडावी, चीवर धुवावें. आणि तो आजारी पडला म्हणजे उपाध्यायानें हींच सर्व कामें त्याच्यासाठीं करावीं. नियमाचा हा दुसरा अर्धा भाग फारच थोडे लक्षांत घेतात. नवख्याची सोय लावणें हें वडीलधाऱ्याच्या अंगावरचें काम आहे आणि तें एकाच छपराखालीं राहिल्यावांचून होत नाहीं, असें त्या नियमकर्त्यांस वाटत होतें. पुढें या गोष्टीचा उलटा प्रकार आपणांस दिसणार आहे, म्हणून ती येथें नमूद करून ठेवतों.

त्यानंतर शिरवळ हें शिकण्याचें गांव राहिलें नाहीं, तें वाटेवरचें गांव झालें. साताऱ्याहून निघालेला मनुष्य खंबाटकीचा घाट उतरून येथें येई, नीरा ओलांडी व कात्रजच्या घाटानें पुण्यास जाई. गांवांतील जुनी दगडी पाणपोई या वाहतुकीची साक्ष देते. पुण्यास विश्रामबागवाड्यांत ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं संस्कृत पाठशाळा उघडली, पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेचा कांहीं भाग तिजकडे वळविण्यांत आला. आणि पुढें १८५१ त इंग्रजी शाळेशीं एकत्र होऊन तिचें पूना कॉलेज व १८६४ पासून डेक्कन कॉलेज झालें. सातारा प्रांतांतून पुण्याच्या विद्येकडे जाणाऱ्या मुलाचा सरळ रस्ता हा असा शिरवळावरून होता. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत पुणें-मिरज लोहमार्ग झाला, तो जेजुरी, नीरा, वाठार असा पूर्वेकडून गेला. आणि शिरवळ बाजूस पडलें. आगगाडींतून गेलेल्या मुलास शिरवळ ठाऊकही नसे.

विश्रामबागेंतील पाठशाळेंत येणाऱ्या मुलास फारसें परकें वाटण्याचें कारण नव्हतें. शास्त्री तेच, भाषा तीच, वेतनाची सोय, आणि पुण्यांत माधुकरी किंवा वार लावून जेवण्याची जुनी वहिवाट. खरा धक्का विद्यापीठानें दिला. शिकविण्याची व परीक्षेची भाषा इंग्रजी झाली. दिवस घंटेच्या ठोक्यांत वांटला गेला. 'टर्म भरणें' हा नवाच वाक्प्रचार मराठींत शिरला. विद्या किती झाली हें विचारण्यापूर्वीं टर्मा किती भरल्या हें विचारूं लागले. १८६८ त डेक्कन कॉलेज शहर सोडून येरवड्यानजीकच्या नव्या इमारतींत गेलें, तेव्हां वारावर जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची दुहेरी अडचण झाली. कारण ज्या घरांत वार लागावयाचे तीं घरें नदीपलीकडे राहिलीं.

या काळांतील पहिल्या वर्षाचीं तीन उदाहरणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण तीं पहिल्या वर्षाचीं म्हणून कोणी एकत्र ठेवून पाहिलेलीं नाहींत. पहिलें बाळ गंगाधर टिळकांचें. १८७२ त ते मॅट्रिक झाले, त्याच वर्षीं वडील वारले, आणि १८७३ त ते डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. प्रकृति किरकोळ. त्यांनीं पहिलें वर्ष तालीम, पोहणें व खाणेंपिणें यांवर घालविलें आणि त्या वर्षीं परीक्षेंत ते नापास झाले. कॉलेजच्या पुस्तकांत हें वर्ष वायां गेलें. पुढें पहिल्या वर्गांत बी. ए. होऊन त्यांनीं त्याची भरपाई केली असें चरित्रकार म्हणतात. आम्हांस तर भरपाई करण्यासारखें कांहीं दिसतच नाहीं. नव्या ठिकाणीं टिकावयाचें तर अगोदर काय कमावलें पाहिजे याचा निर्णय त्या मुलानें स्वतः घेतला व तो निभावला. तुरुंगांतील वर्षें ज्या शरीरानें सोसलीं, त्याचा पाया विद्यापीठानें शून्य गुण दिलेल्या या वर्षांत घातला गेला.

दुसरें उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचें. हे साताऱ्याचेच, जन्म १८५६ त कऱ्हाडनजीक टेंभूस. रत्नागिरी, अकोला असें भटकत शिक्षण झालें, अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या हेडमास्तरांचें पाठबळ मिळालें, आणि मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत आले. एकच सदरा असल्यामुळें रात्रीं तो धुवून वाळत घालावा व सकाळीं घालून वर्गास जावें, ही त्यांची गोष्ट शाळेंतील मुलेंही सांगतात. ती सांगतांना गरिबीचें कौतुक होतें, पण एक प्रश्न राहून जातो. सदरा मळका असता तरी शास्त्र कळण्यास कोणती अडचण होती? अडचण वर्गाची होती. गांवांत एका सदऱ्यावर राहणारीं माणसें शेंकड्यांनीं होतीं आणि त्याची लाज कोणास नव्हती. कॉलेजांत ती प्रथम उत्पन्न झाली. पहिल्या वर्षांत विद्यार्थी जें शिकतो त्यांतील बराच भाग हा असा, म्हणजे आपण कशांत कमी आहों याचा हिशेब. आणि आगरकरांचें वैशिष्ट्य हें कीं, तो हिशेब कळूनही ते त्यास शरण गेले नाहींत.

तिसरें उदाहरण आमच्या वाचकांस सर्वांत जवळचें, कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचें. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत प्रवेश घेऊन त्यांस तें सोडावें लागलें. नंतर ते डेक्कन कॉलेजांत आले व १८९० त बी. ए. झाले. नेमलेल्या पुस्तकांकडे त्यांचें लक्ष बेताचें. ग्रंथसंग्रहालय, व्यायाम व स्वैर वाचन यांतच त्यांचीं कॉलेजचीं वर्षें गेलीं. शाळाकॉलेजांतील आपल्या अनुभवांविषयीं त्यांनीं विजापूरकरांच्या ग्रंथमालेंत स्वतः लिहिलें आहे, आणि तें वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येते: संस्थेनें काय दिलें व आपण काय मिळविलें या दोन रकमा ते निष्ठुरपणें वेगळ्या मांडतात. कागद तपासण्याची जी शिस्त पुढें त्यांनीं वांईच्या दप्तरास लावली व १८९८ त साधनांचा पहिला खंड काढला, तीच शिस्त त्यांनीं आपल्या विद्यार्थिदशेस लावली. आपल्या पहिल्या वर्षांचा ऐतिहासिक साधन म्हणून विचार करणारा हा बहुधा आपल्यांतील पहिलाच मनुष्य.

हे तिघेही पांढरपेशे, आणि पंक्तीचा प्रश्न त्यांस निदान जातीच्या बाजूनें पडला नाहीं. पैशाचा पडला. गोपाळ कृष्ण गोखले कोल्हापुरास शिकत असतां कागलास असलेले वडील बंधु आपल्या पंधरा रुपये पगारांतून आठ रुपये त्यांस धाडीत, ही रक्कम पाहिली म्हणजे एका विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षामागें दुसऱ्या कोणाचें तरी वर्ष उभें असतें हें कळतें. पण भीमराव रामजी आंबेडकरांचें प्रकरण निराळें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत त्यांचें नांव दाखल झालें. १९०८ त ते एल्फिन्स्टन कॉलेजांत गेले. सयाजीराव महाराजांनीं दरमहा पंचवीस रुपये दिले, मुल्लर नांवाच्या प्रोफेसरांनीं पुस्तकें व कपडे पुरविले. पण कॉलेजच्या उपाहारगृहवाल्यानें त्यांस चहा काय, पाणीही दिलें नाहीं. प्रोफेसर आपला मानतो आणि पाणक्या मानीत नाहीं, अशी ही जागा. येथें 'जुळतें घेणें' हा शब्द वापरतांना लेखणी अडखळते, कारण जुळतें घ्यावयाचें होतें तें विद्यार्थ्यानें नव्हे. १९१३ च्या जुलईंत ते न्यूयॉर्कास पोंचले. हार्टली हॉल या वसतिगृहांत त्यांस जेवण रुचेना, म्हणून आठवड्याभरांतच तें सोडून ते कॉस्मॉपॉलिटन क्लबांत, आणि तेथून पुढें नवल भथेना या पारशी मित्राबरोबर लिव्हिंगस्टन हॉलांत राहावयास गेले. एकामागून एक तीन बिऱ्हाडें. परंतु यावेळीं बिऱ्हाड बदलण्याचें कारण केवळ स्वयंपाक हें होतें. त्याच सुमारास न्यूयॉर्कहून त्यांनीं वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेलें, मुलींच्या शिक्षणाचा पुरस्कार करणारें पत्र प्रसिद्ध आहे. तें जपलें गेलें म्हणून पहिल्या वर्षांत त्या तरुणाच्या मनांत काय घोळत होतें तें आपणांस कळतें. कोलंबियाच्या गुणपत्रकावरून तें कळलें नसतें.

पत्रांचें मोल दाखविणारें याहून मोठें उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून निघून त्या अमेरिकेस गेल्या व त्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक कॉलेजांत दाखल झाल्या. वय अठरा. थंडी इतकी कीं नऊवारी लुगड्यानें भागेना. म्हणून त्यांनीं गुजराथी पद्धतीनें पातळ नेसण्यास आरंभ केला, आणि हा एवढासा फरक पतीस कळविण्यासाठीं त्यांस पत्रांत सविस्तर खुलासा करावा लागला. खोलींतील विस्तव नीट पेटेना, धूर कोंडे. खावें काय हा रोजचा प्रश्न. ११ मार्च १८८६ रोजीं त्या एम. डी. झाल्या, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. पदवीची तारीख इतिहासांत सुरक्षित आहेच. पण त्या पदवीची किंमत काय पडली हें आज आपण सांगूं शकतों तें गोपाळरावांनीं पत्रें टाकून दिलीं नाहींत आणि काशीबाई कानिटकरांनीं त्यांच्या आधारें चरित्र लिहिलें म्हणून. गोपाळरावांच्या स्वभावाविषयीं कोणी कांहींही म्हणो, दप्तर राखण्याच्या कामीं इतिहास त्यांचा ऋणी आहे.

आतां पुनः साताऱ्याकडे वळूं. वर सांगितलेलीं सर्व माणसें एकेकटीं होतीं. प्रत्येकानें आपला प्रश्न आपणच सोडविला. संस्थेनें तो अंगावर घेण्याचें काम कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींचीं बोर्डिंगें काढून आरंभिलें, आणि त्याचें पुढचें पाऊल भाऊराव पाटलांनीं साताऱ्यांत टाकलें. १९१९ त काल्यास रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ त साताऱ्यास बोर्डिंग निघालें, त्यांत सर्व जातींचीं मुलें एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ त गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. १९४७ त छत्रपति शिवाजी कॉलेज उघडलें, त्याचें सूत्र 'कमवा आणि शिका'. खडी फोडणें, शेतांत राबणें हें कॉलेजच्या वेळापत्रकांत आलें. कॉलेजांत येणाऱ्या कुणब्याच्या मुलास परकें काय वाटतें याचा भाऊरावांनीं अचूक ठाव घेतला होता असें आम्हांस वाटतें. पुस्तक परकें वाटतें हें खरें, पण त्याहून अधिक परकें वाटतें तें रिकामें बसून शिकणें. घरीं आईबाप रानांत आणि आपण बांकावर, ही टोंचणी त्यास अभ्यास करूं देत नाहीं. हातांत कुदळ दिली म्हणजे ती टोंचणी जाते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या योजनेचा विचार फीच्या वजावटीपुरताच होतो. तो अपुरा आहे.

शिरवळास विद्यापीठ आलें तें यानंतर चार दशकांनीं. १९८८ त निघालेल्या या महाविद्यालयास क्रांतिसिंह नाना पाटलांचें नांव आहे. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यांत जें प्रतिसरकार उभें राहिलें त्याचे हे पुढारी (१९००–१९७६). स्वतः तलाठ्याची नोकरी सोडून आलेले, आणि खेड्यांतील माणसाशीं त्याच्याच बोलींत बोलणारे. आरंभीं हें महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे होतें. २००० सालीं नागपुरास पशु व मत्स्य विज्ञानाचें निराळें विद्यापीठ झालें, तेव्हां तें तिकडे गेलें. मुंबईस परळचें पशुवैद्यक कॉलेज १८८६ चें. म्हणजे शंभर वर्षें साताऱ्याच्या मुलास हें शास्त्र शिकण्यासाठीं मुंबईची किंवा दुसऱ्या शहराची वाट धरावी लागे. आतां शहराचा मुलगा शिरवळची वाट धरतो. पूर्वीं विद्यार्थी ज्या गांवावरून विद्यापीठास जात, त्या गांवींच विद्यापीठ येऊन बसलें, ही उलटापालट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

या उलटापालटीमुळें पहिल्या वर्षाच्या अडचणींचेंही स्वरूप पालटलें. अभ्यासक्रम सध्यां एक वर्षाची उमेदवारी धरून साडेपांच वर्षांचा आहे. प्रवेश अखिल भारतीय परीक्षेच्या गुणांवर. शेंकडा पंधरा जागा देशांतील इतर प्रांतांच्या विद्यार्थ्यांस. पहिल्याच वर्षीं शरीररचनाशास्त्र येतें. बैलाच्या, घोड्याच्या, कुत्र्याच्या हाडांचीं लांबलचक लॅटिन नांवें, छिन्नविच्छेदनाच्या दालनांतील औषधाचा उग्र दर्प, आणि त्याबरोबर गोठ्यांतील प्रत्यक्ष काम. माणदेशाकडून आलेला मुलगा खिल्लार खोंडाचें वशिंड, शिंगांची ठेवण व चाल दुरून पाहून त्याचें वय व किंमत सांगेल, पण खांद्याच्या हाडास 'स्कॅप्युला' म्हणतात हें त्याच्या जिभेस वळत नाहीं. शहराच्या मुलास नांव येतें, पण दावें हातीं धरतांना त्याचा हात कांपतो. डेक्कन कॉलेजांत उणीव एकाच बाजूची होती. येथें दोन्ही बाजूंस निरनिराळी आहे, आणि म्हणून देवघेव होऊं शकते. एक हाड सांगतो, दुसरा गाय धरावयास शिकवितो. नव्या विद्यार्थ्याची भीति घालविण्याचा याहून चांगला उपाय कोणत्याही समितीस सुचलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

भाषेच्या बाबतींत तर आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष घालावें असा प्रकार आहे. १८५७ च्या पद्धतींत शिकणें म्हणजे मायबोलींतून इंग्रजींत जाणें. पशुवैद्यास तें करून पुनः परत यावें लागतें. कारण रोगी बोलत नाहीं आणि रोग्याचा धनी इंग्रजी बोलत नाहीं. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, काळपुळी, कासदाह, पोटफुगी. गाभण, भाकड, कालवड, वगार, पारडूं, खोंड. हे शब्द परप्रांतीय विद्यार्थी वहींत उतरून घेतो, आणि पुणेंमुंबईचा मराठी विद्यार्थीही मुकाट्यानें उतरून घेतो, कारण त्यासही ते ठाऊक नसतात. अशा वह्या म्हणजे अनायासें झालेले शब्दसंग्रह होत. राजवाड्यांनीं ज्या आस्थेनें शब्द व धातु वेंचले, ती आस्था असणाऱ्यानें या वह्यांकडे पाहावें. शालिहोत्राच्या व अश्वपरीक्षेच्या पोथ्या आपण जपून ठेवतों, त्यांची नक्कल करवितों. या विद्येची आजची पोथी विद्यार्थ्याच्या दोनशें पानी वहींत आहे.

वसतिगृहाविषयीं मात्र लिहितांना मन कचरतें. नवख्यास थट्टेनें टोंचण्याची चाल जुनी आहे. डेक्कन कॉलेजांत टिळकांनाही 'ब्लंट' असें टोपणनांव मिळालें होतें, व तें त्यांनीं हंसत मिरविलें. परंतु पुढें सर्वत्र या थट्टेनें जें क्रूर रूप घेतलें त्यामुळें महाराष्ट्र सरकारला १९९९ त रॅगिंगच्या विरुद्ध कायदा करावा लागला, आणि २००९ त विद्यापीठ अनुदान आयोगानें देशभर नियम लागू केले. त्या नियमांत एक कलम असें कीं, नव्या विद्यार्थ्यांस शक्य तोंवर वसतिगृहाच्या स्वतंत्र भागांत ठेवावें. वर विनयपिटकांतील नियम आम्हीं दिला तो येथें आठवावा. त्या काळीं नवख्याची सोय व्हावी म्हणून त्यास वडिलाच्या कोठडींत ठेवीत. आतां त्याच कारणासाठीं त्यास वडिलांपासून दूर ठेवावें लागतें. आजचा नियम चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जीव गेल्यावर केलेले नियम आहेत हे, त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु शिरवळच्या डोंगरांतील कोठड्या व गांवालगतचें वसतिगृह यांमधील अंतर मोजावयाचें तर तें कोसांनीं न मोजतां या दोन नियमांनीं मोजावें.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहिला त्याकडे येतों. १९८८ त शिरवळास आलेली पहिली तुकडी आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. त्या वेळीं घरीं मजकूर कळविण्याचें साधन म्हणजे पोस्टकार्ड, आंतर्देशीय पत्र, मनीऑर्डरच्या कुपनावरील दोन ओळी, आणि फारच निकड असेल तर एस. टी. डी. बूथ. १९९५ सालीं या देशांत भ्रमणध्वनि सुरू झाला आणि पुढील दहा-बारा वर्षांत तो विद्यार्थ्याच्या खिशांत आला. त्याबरोबर पत्र संपलें. रोज रात्रीं मुलगा आईशीं बोलतो हें आईच्या दृष्टीनें फार चांगलें झालें, पण बोललेलें उरत नाहीं. म्हणजे शिरवळच्या पहिल्या पंधरासोळा तुकड्या या पहिल्या वर्षाचा हिशेब कागदावर ठेवणाऱ्या शेवटच्या तुकड्या होत. आगरकर-राजवाड्यांपासून चालत आलेली कागदांची ही परंपरा त्यांजपाशीं खुंटते. साताऱ्यांत व सांगलींत, सोलापुरांत व नगरांत अशा कित्येक घरांतून हीं पत्रें आजही पत्र्याच्या ट्रंकेंत असावींत. आईबाप थकले आहेत, घरें विकलीं जात आहेत, आणि ट्रंक रिकामी करणाऱ्यास तीं पत्रें म्हणजे रद्दी वाटते.

दोनतीनशें वर्षांच्या जुन्या कागदाची वाट पाहणाऱ्या संग्राहकांस ही धांवपळ हास्यास्पद वाटेल. त्यांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, पेशवाईच्या वेळीं रोजकीर्दी व घरखर्चाच्या याद्या कोणीं ऐतिहासिक म्हणून ठेवल्या होत्या काय? त्या चुकून राहिल्या. चुकून राहण्यावर पुनः भरंवसा ठेवण्याचें कारण नाहीं, कारण कुळकर्ण्याचा माळा आतां राहिलेला नाहीं.

ज्यांस हें काम पटेल त्यांनीं पुढील धोरण ठेवावें. पत्रें माणसें हयात असतांना मागावयाचीं आहेत, तेव्हां मालकाच्या लेखी संमतीवांचून एकही कागद घेऊं नये; घरगुती दुःखाचा मजकूर असेल तर ते कागद मोहोरबंद करून मालक सांगेल तितकीं वर्षें तसेच ठेवावे. पत्रांबरोबर खाणावळीचीं कुपनें, वसतिगृहाच्या नियमांचे छापील कागद, शब्द उतरून घेतलेल्या वह्या, जर्नलें व मनीऑर्डरचीं कुपनें मागून घ्यावीं. मनीऑर्डरच्या रकमेवरून महिन्याचा खर्च कळतो आणि कुपनावरील मजकूर बहुधा बापाच्या हातचा असतो. मुलाचीं पत्रें घरीं मिळतील, पण त्यास आलेलीं उत्तरें त्याच्याच जवळ असतील. दोन्ही बाजू एकत्र आल्याखेरीज जोड लागत नाहीं. पत्रें तारीखवार लावण्याची घाई करूं नये, जुडगा ज्या क्रमानें बांधलेला सांपडेल त्याच क्रमानें आधीं नोंदवावा. आणि पाकीट फाटकें आहे म्हणून टाकूं नये. पुष्कळ मुलें पत्रावर तिथि घालीत नाहींत. शिरवळच्या टपाल कचेरीचा शिक्का पाकिटावरच असतो.